नागपूरच्या गच्चीवर बत्तीस दिशा: खलाशांची दिशानावं मुळापासून कशी शिकायची

डिसेंबरातली सकाळ होती. समोरच्या घरातली सातवीतली मुलगी वाळवण उचलायला गच्चीवर आली आणि मला म्हणाली, "काका, आमच्या देवघराच्या खिडकीतून मे महिन्यात सकाळी थेट आत ऊन येतं. आता का येत नाही? सूर्य तर पूर्वेलाच उगवतो ना?"

त्यांचं देवघर ईशान्येला आहे आणि खिडकीचं तोंडही ईशान्येकडे. मी तिला सांगितलं, सूर्य अगदी पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदाच, मार्च आणि सप्टेंबरात, दिवसरात्र सारखे असतात तेव्हा. नागपुरात २१ जूनच्या सुमारास तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास तेवढाच दक्षिणेकडे. खलाशाच्या भाषेत, जूनचा सूर्य ईस्ट-नॉर्थईस्टला वर येतो आणि डिसेंबरचा ईस्ट-साउथईस्टला.

"ही कोणती दिशा?" तिनं विचारलं. त्या प्रश्नापासून आमच्या गच्चीवरचा वर्ग सुरू झाला. मी अनेक वर्षं मालवाहू जहाजांवर होतो. नागपूर सोडून गेलो तेव्हा समुद्र पाहिलेलासुद्धा नव्हता. बत्तीस दिशा मी आधी घोकून पाठ केल्या, मग विसरलो, आणि शेवटी एका जुन्या सारंगाकडून, म्हणजे खलाशांच्या मुकादमाकडून, नीट शिकलो. घोकण्याचा रस्ता लांबचा आहे. ही नावं एका साध्या नियमानं आपोआप तयार होतात. नियम एकदा हाताला बसला की पाठ करायला काही उरत नाही. तोच रस्ता इथे लिहितो आहे. समुद्राच्या नोकरीची तयारी करणाऱ्यांना तो उपयोगी पडेल, आणि ज्यांना नुसतं आपल्या गच्चीवरून जग कुठे कुठे आहे हे कळून घ्यायचंय त्यांनाही.

आधी आपल्याच आठ

आपल्या आठ दिशांना स्वतःची वेगळी नावं आहेत, हा मराठी माणसाला मिळालेला मोठा फायदा आहे. इंग्रजीत नॉर्थ आणि ईस्ट जोडून नॉर्थईस्ट करावं लागतं. आपल्याकडे ईशान्य हा स्वतंत्र शब्द आहे. उत्तरेचा कुबेर, ईशान्येचा ईशान, पूर्वेचा इंद्र, आग्नेयेचा अग्नी, दक्षिणेचा यम, नैऋत्येची निर्ऋती, पश्चिमेचा वरुण, वायव्येचा वायू. देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला, हे घराघरात बोललं जातं. नैऋत्य मोसमी वारे शाळेत शिकलेले असतात. म्हणजे बत्तीसपैकी आठ आपल्याला येतातच.

पण त्या सरसकट पाठ असतात, अंगात नसतात. परीक्षा सोपी आहे. डोळे मिटा, स्वतःभोवती दोन गिरक्या घ्या, थांबा आणि डोळे न उघडता वायव्येकडे बोट दाखवा. चुकलात तर पुढची पायरी मन लावून करा.

प्राची साधणे: गच्चीवर पहिली रेघ

मोबाइलमधल्या होकायंत्रावर सुरुवात करू नका, हे मी कळकळीनं सांगतो. माझं पितळी होकायंत्र मी पहिल्या दिवशी गच्चीवर ठेवलं ते कूलरच्या लोखंडी स्टँडपासून हातभर अंतरावर. सुई शांतपणे थांबली आणि मी तिच्यावर विश्वास ठेवून खडूनं रेघा मारल्या. संध्याकाळी ध्रुव दिसला तेव्हा कळलं की माझी उत्तर वीसेक अंशांनी चुकली होती. गच्चीवर लोखंड सगळीकडे असतं: कूलरचा स्टँड, टाकीचा सांगाडा, डिशचा खांब, आणि स्लॅबमधल्या सळया. सेमिनरी हिल्ससारख्या ठिकाणी खालचा काळा बेसॉल्टही सुई थोडी ओढू शकतो. होकायंत्र वापरायचंच असेल तर गच्चीच्या मध्यावर उभं राहून छातीच्या उंचीवर धरा आणि दोनतीन जागी वाचन घेऊन पाहा. एक गोष्ट मात्र नागपूरकरांच्या बाजूची आहे. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत इथे एक अंशाचाही फरक नाही. जगात कितीतरी ठिकाणी हा फरक दहा-पंधरा अंशांचा असतो आणि तो दर वेळी वजा-अधिक करावा लागतो.

सगळ्यांत भरवशाची रीत सूर्याची आहे आणि ती आपल्याकडे फार जुनी आहे. कात्यायन शुल्बसूत्रात ती दिली आहे. यज्ञवेदी मांडताना आधी 'प्राची', म्हणजे पूर्व-पश्चिम रेघ, साधून घेत.

सपाट जागी साधारण ३० सेंटिमीटर उंचीची काठी, म्हणजे शंकू, उभी करा. कुंडीतल्या मातीत खोचलेली काठी नको, ती कलते. लाकडी पाटाला खालून खिळा ठोकून बसवा आणि दोऱ्याला नट बांधून ओळंबा लावा. काठीच्या बुंध्याला केंद्र धरून ४५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ खडूनं काढा. सकाळी सावली लांब असते, वर्तुळाच्या बाहेर. दिवस चढतो तशी ती आखडते. सावलीचं टोक वर्तुळाला टेकेल तिथे खूण करा. डिसेंबरात हे दहाच्या आसपास होतं. दुपारी सावली पुन्हा वाढते आणि अडीचच्या आसपास वर्तुळाबाहेर पडते. ती बाहेर पडते त्या बिंदूवर दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. तिच्यावर काठीच्या बुंध्यातून काटकोनात रेघ टाका, ती उत्तर-दक्षिण.

हे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. आकाश निरभ्र असतं आणि सावली धड लांबीची पडते. मे ते जुलै टाळा, कारण २६ मेच्या आसपास नागपुरात सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेकडे पडते. आणि माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा असं धरून चालू नका. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे, नागपूर ७९ अंशांच्या थोडं पुढे. म्हणून इथली माध्यान्ह सरासरी १२ वाजून १४ मिनिटांनी होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती बाराच्याही आधी येते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर साडेबाराला टेकते.

कागदाच्या पाच घड्या

आता बत्तीस का, हे हातानं पाहा. पातळ वर्तमानपत्राचा थाळीएवढा गोल कापा. एकदा मधोमध दुमडा, दोन भाग झाले. पुन्हा दुमडा, चार. पुन्हा, आठ. मग सोळा, आणि पाचव्या घडीला बत्तीस. पाचवी घडी जाड होते, नखानं दाबावी लागते. उघडलात की बत्तीस पाकळ्या. बत्तीस ही संख्या कुणी ठरवून आणलेली नाही. अर्ध्याचं अर्धं करत गेलं की ती येते, आणि डोळ्यांना अर्धं करणं सगळ्यांत सोपं जातं. वर्तुळाचे ३६० अंश बत्तीसात वाटले की एका भागाला येतात सव्वाअकरा, ११ अंश १५ मिनिटं. या भागाला खलाशी 'पॉइंट' म्हणतात. मी मुलांना शिकवताना 'घर' म्हणतो, सारीपाटावरच्या घरासारखं.

नावं तीन नियमांनी पडतात.

पहिला: चार मुख्य आणि चार उपदिशा, म्हणजे आपल्या आठ. नॉर्थ, नॉर्थईस्ट, ईस्ट, साउथईस्ट आणि पुढे.

दुसरा: दोन शेजाऱ्यांच्या बरोबर मध्ये जी दिशा येते तिला दोघांचं नाव, आणि मुख्य दिशेचं नाव आधी. उत्तर आणि ईशान्य यांच्या मधली ती नॉर्थ-नॉर्थईस्ट, मराठीत उत्तर-ईशान्य. ईशान्य आणि पूर्व यांच्या मधली ती ईस्ट-नॉर्थईस्ट, पूर्व-ईशान्य. अशा आठ. एकूण झाल्या सोळा.

तिसरा, आणि इथेच सगळे अडखळतात: उरलेल्या सोळांना 'बाय' लागतो. 'बाय'चा अर्थ 'एक घर त्या बाजूला'. नॉर्थ बाय ईस्ट म्हणजे उत्तर, एक घर पूर्वेकडे. नॉर्थईस्ट बाय नॉर्थ म्हणजे ईशान्य, एक घर उत्तरेकडे. 'बाय'च्या आधी फक्त पहिल्या आठांपैकीच एक येतं, आणि 'बाय'च्या नंतर फक्त चार मुख्यांपैकीच एक. या वाक्याखाली रेघ मारून ठेवा. 'नॉर्थ-नॉर्थईस्ट बाय नॉर्थ' असं काही नसतं. मी प्रशिक्षणात नेमकं तेच बोललो होतो. शेजारी उभा असलेला रत्नागिरीकडचा सारंग मला बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, आठच मोठे भाऊ आहेत. धाकटे त्यांच्याच अंगणात उभे राहतात, दुसऱ्या धाकट्याच्या नाही." तेव्हापासून ही चूक माझ्याकडून कधी झाली नाही.

आता उत्तरेपासून पूर्वेपर्यंत मोठ्यानं म्हणा: नॉर्थ, नॉर्थ बाय ईस्ट, नॉर्थ-नॉर्थईस्ट, नॉर्थईस्ट बाय नॉर्थ, नॉर्थईस्ट, नॉर्थईस्ट बाय ईस्ट, ईस्ट-नॉर्थईस्ट, ईस्ट बाय नॉर्थ, ईस्ट. लक्ष देऊन ऐकलंत तर मधल्या नॉर्थईस्टच्या दोन्ही अंगांना सारखाच साचा ऐकू येईल, आरशात पाहिल्यासारखा. उरलेल्या तीन पावांत हाच साचा आहे, फक्त नावं बदलतात. जहाजावर उत्तरेपासून निघून सगळी बत्तीस न अडखळता म्हणत पुन्हा उत्तरेला यायचं आणि मग उलट दिशेनं तेच करायचं, ही नव्या पोराची पहिली परीक्षा असे.

अंश हवे असतील तर उत्तरेपासून घर मोजा, त्याला ११ नं गुणा आणि त्या घराच्या संख्येचा पाव भाग मिळवा. तेरावं घर घ्या: तेरा अकरे १४३, तेराचा पाव सव्वातीन, एकूण १४६.२५ अंश. ते साउथईस्ट बाय साउथ. उलट दिशा काढायची तर अंश मोजायचीही गरज नाही, नावातला प्रत्येक शब्द उलटा करा. नॉर्थईस्ट बाय नॉर्थच्या बरोबर समोर साउथवेस्ट बाय साउथ असतं.

बत्तीस गावं

नियम कळला तरी नावं कोरडी वाटतात. त्यांना जागा हवी. समुद्रावरची बंदरं नागपूरच्या मुलाला परकी, म्हणून मी गावं वापरली. झीरो माइलच्या दगडावर जबलपूर, हैदराबाद, बैतूल अशी नावं आणि मैल कोरलेले आहेत. तिथे उभं राहिल्यावर मला नेहमी वाटायचं की यात दिशाही असायला हव्या होत्या. तेवढं आपण करू. प्रत्येक गाव नागपूरहून सरळ रेषेत ज्या घरात पडतं तिथे ठेवलं आहे. रस्ता किंवा रेल्वे कुठून फिरते याच्याशी देणंघेणं नाही.

उत्तरेला नरसिंहपूर. पूर्वेकडे एक घर सरकलं की कानपूर, ते नॉर्थ बाय ईस्ट. उत्तर-ईशान्येला जबलपूर, जवळजवळ अचूक साडेबावीस अंशांवर, म्हणून हे मनात पक्कं बसतं. प्रयागराज नॉर्थईस्ट बाय नॉर्थ. ईशान्येला आपलं रामटेक. बालाघाट नॉर्थईस्ट बाय ईस्ट. पूर्व-ईशान्येला रांची, आणि जूनचा उगवता सूर्यही. ईस्ट बाय नॉर्थ म्हणजे कोलकाता. पूर्वेला भंडारा, आणि त्याच रोखानं पुढे रायपूर.

दुसरा पाव पूर्वेकडून दक्षिणेकडे. ईस्ट बाय साउथला पुरी. पूर्व-आग्नेयेला ओडिशातलं ब्रह्मपूर, डिसेंबरचा सूर्य तिकडून येतो. साउथईस्ट बाय ईस्टला जगदलपूर. आग्नेयेला गडचिरोली, आणि तोच रोख धरून खूप पुढे विशाखापट्टणमचं बंदर. उमरेड साउथईस्ट बाय साउथ. दक्षिण-आग्नेयेला मछलीपट्टणम, गोदावरी-कृष्णेच्या मुखांजवळचं जुनं बंदर. चंद्रपूर साउथ बाय ईस्ट, चेन्नईही त्याच घरात. आणि थेट दक्षिणेला, आपल्याच रेखांशावर, तिरुवण्णामलै.

पुढचा पाव आपल्या ओळखीचा. हैदराबादला लोक सरसकट दक्षिण म्हणतात, पण ते एक घर पश्चिमेकडे आहे, साउथ बाय वेस्ट. हिंगणघाट दक्षिण-नैऋत्य. विजापूर साउथवेस्ट बाय साउथ. नैऋत्येला वर्धा. रत्नागिरी साउथवेस्ट बाय वेस्ट. पश्चिम-नैऋत्येला मुंबई. अमरावती वेस्ट बाय साउथ. आणि पश्चिमेला सुरत. नागपूर आणि सुरत जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, सव्वाएकवीस अंशांच्या आत.

शेवटच्या पावात काटोल वेस्ट बाय नॉर्थ. पश्चिम-वायव्येला दाहोद. बैतूल नॉर्थवेस्ट बाय वेस्ट. वायव्येला जोधपूर. सावनेर नॉर्थवेस्ट बाय नॉर्थ, भोपाळही तिकडेच. उत्तर-वायव्येला अमृतसर. आणि नॉर्थ बाय वेस्ट म्हणजे दिल्ली.

गच्चीवरच्या वर्तुळावर बत्तीस ठिकाणी खडे ठेवा, प्रत्येक खड्याला एक गाव. ही रीत माझी नाही. प्रशांत महासागरातल्या सातावाल बेटावरच्या नाविकांच्या घरात मुलांना याच पद्धतीनं शिकवत: जमिनीवर खडे किंवा पोवळ्याचे तुकडे गोलात मांडून, प्रत्येक खडा म्हणजे एका ताऱ्याच्या उगवण्या-मावळण्याची जागा. त्याच बेटावरच्या माउ पिआइलुग यांनी १९७६ मध्ये 'होकुलेआ' ही दोन होड्या जोडून केलेली शिडाची नाव कोणत्याही यंत्राशिवाय हवाईहून ताहितीला नेली. समोरच्या मुलीनं खड्यांऐवजी चिंचोके मांडले. दोन आठवड्यांत ती कुठल्याही गावाचं नाव काढलं की त्या चिंचोक्यावर जाऊन उभी राहायची.

वीत आणि मूठ

खडे गच्चीवर राहतात, हात मात्र सोबत असतो. हात पूर्ण ताणून समोर धरा आणि वीत पसरा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २० ते २२ अंश भरतात, म्हणजे दोन घरं. बंद मूठ सुमारे दहा अंशांची, म्हणजे जेमतेम एक घर. आपली वीत बरोबर किती आहे हे एकदा तपासा. गोल फिरत क्षितिजावर वीत-वीत मोजत परत सुरुवातीच्या खुणेवर या. सोळा वितींत आलात तर वीत दोन घरांची. सतरा-अठरा लागल्या तर तुमची वीत थोडी लहान आहे, तेवढं लक्षात ठेवा. हे करायला फुटाळा तलावाचा काठ चांगला, समोर मोकळं पाणी असतं आणि डोळ्याला आधाराला पलीकडची झाडं.

जहाजावर ही वीत रोज कामी येते, कारण टेहळणीला उभा असलेला माणूस उत्तर-दक्षिण सांगत नाही. तो जहाजाच्या पुढच्या टोकापासून, म्हणजे नाळेपासून, घरं मोजतो. "उजव्या नाळेवर दोन पॉइंट" म्हणजे अगदी समोरून उजवीकडे साडेबावीस अंश. उजवी बाजू स्टारबोर्ड, डावी पोर्ट. अगदी काटकोनात असलेलं जहाज आठ पॉइंटवर.

ही घरं जुनी झाली, आता सगळं अंशात चालतं, असं कुणी म्हणालं तर त्याला रात्रीच्या दिव्यांकडे बघायला सांगा. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांनुसार उजवा हिरवा आणि डावा लाल दिवा प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसला पाहिजे, मागचा पांढरा १३५ अंशांत आणि डोलकाठीवरचा पांढरा २२५ अंशांत. हे आकडे विचित्र वाटतात. सव्वाअकरांनी भागा: दहा घरं, दहा घरं, बारा घरं. तिन्ही मिळून बत्तीस, पूर्ण वर्तुळ. डोलकाठीचा दिवा वीस घरांचा, म्हणजे हिरवा आणि लाल मिळून जेवढे तेवढाच. आणि दुसरं जहाज तुमच्या काटकोनाच्या दोन घरांपेक्षा जास्त मागून येत असेल तरच ते 'ओलांडणारं' ठरतं. रात्री समोर कोणते दिवे दिसतात यावरून कोणी कोणाला वाट द्यायची ते ठरतं, आणि ती सीमा आजही जुन्या पॉइंटवरच आखलेली आहे.

घराचेही भाग असतात. अर्धं घर, पाव घर. पाव घर म्हणजे २ अंश ४८ मिनिटं ४५ सेकंद. शिडाच्या जहाजांवर सुकाणू त्याहून बारीक धरणं जमत नसे. सुरुवातीला पावात शिरू नका.

एक गोंधळ आधीच मिटवा. वाऱ्याला नाव तो जिथून येतो तिथलं, नैऋत्य मोसमी वारा नैऋत्येकडून येतो. पाण्याच्या प्रवाहाला आणि जहाजाच्या वाटेला नाव ते जिकडे जातात तिकडचं. पश्चिमेचा वारा आणि पश्चिमेचा प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात.

वाऱ्यांची नावं, ताऱ्यांची नावं

इंग्रजी नावं रूढ होण्याआधी भूमध्य समुद्रातले खलाशी दिशांना वाऱ्यांच्या नावानं ओळखत. उत्तर त्रामोन्ताना, डोंगरापलीकडचा वारा. ईशान्य ग्रेको, ग्रीसकडचा. आग्नेय शिरोक्को, नैऋत्य लिबेच्चो, वायव्य माएस्त्रो, दक्षिण ऑस्त्रो. आणि पूर्व लेवान्ते, पश्चिम पोनेन्ते. या शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ उगवणारा आणि मावळणारा. आपल्याकडे अजूनही म्हातारी माणसं उगवतीकडे, मावळतीकडे असंच म्हणतात. १३७५ च्या कॅटलान नकाशावर होकायंत्राचं जे कमळ, म्हणजे दिशा दाखवणारं चक्र, काढलेलं आहे, त्या परंपरेतली जुनी कमळं पाहिलीत तर पूर्वेच्या टोकाला बऱ्याचदा क्रूस दिसेल, कारण यरुशलेम त्या खलाशांच्या पूर्वेला होतं. उत्तरेचं लिलीचं फूल नंतर रूढ झालं.

अरबी समुद्रावर मात्र तारे होते. अरब नाविकांचीही घरं बत्तीसच. एका घराला ते 'खन्न' म्हणत, आणि प्रत्येक घराचं नाव एका ताऱ्याच्या उगवण्याचं किंवा मावळण्याचं. उत्तर म्हणजे जाह, ध्रुव. उगवती 'मतला', मावळती 'मगीब'. शाळेत शिकलेला मतलई वारा आठवा. हा शब्द कानाला लगेच मतलाशी जुळतो, आणि कोकणात मतलई पहाटे पूर्वेच्या जमिनीकडूनच समुद्राकडे वाहतो. अहमद इब्न माजिद या नाविकानं १४९० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात या ताऱ्यांचा तपशील आहे. त्यांची पूर्व म्हणजे 'ताइर', आपलं श्रवण. सातावालच्या नाविकांची पूर्वही श्रवणच. हजारो मैल अंतरावरच्या दोन समाजांनी पूर्वेसाठी एकच तारा निवडला, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आपल्याला हे सगळे तारे आपल्या नावांनी ठाऊक आहेत, म्हणून रात्रीचा सराव मराठीतच करा. सगळ्यांत आधी ध्रुव. नागपुरातून तो क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर दिसतो, म्हणजे साधारण एक वीत वर. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे जवळजवळ नेमके पूर्वेला उगवतात आणि पश्चिमेला मावळतात, वर्षभर. सूर्य जे वर्षातून दोनदा करतो ते मृग रोज करतो. श्रवण पूर्वेच्या एक घर उत्तरेकडे उगवतो. कृत्तिका आणि स्वाती पूर्व-ईशान्येला. अभिजित ईशान्येला, रामटेकच्या रोखानं. व्याध पूर्व-आग्नेयेला. मावळताना हेच आरशातल्यासारखं पश्चिमेकडे.

शहराच्या उजेडात क्षितिजाजवळचे तारे बुडून जातात. उमरेड रोडच्या पलीकडे किंवा पेंचच्या बाजूला गावी जाणं झालं तर तिथे बघा. गच्चीवरून बघायचं तर तेजस्वीच धरा, व्याध आणि अगस्त्य.

डिसेंबरच्या शेवटी आम्ही अगस्त्याची वाट बघत बसलो होतो. तो नागपुरात साउथईस्ट बाय साउथला उगवतो आणि वर चढता चढता उजवीकडे सरकतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास तो थेट दक्षिणेला येतो, तेव्हाही क्षितिजापासून जेमतेम सोळा अंशांवर असतो. सव्वाआठनंतर अर्धा तास धुक्यात काहीच दिसलं नाही. मग समोरच्या पाण्याच्या टाकीच्या कडेला एक पांढरा ठिपका थरथरला. मुलीनं वीत ताणली, दक्षिणेच्या चिंचोक्यापासून डावीकडे मोजलं, आणि आईला हाक मारून म्हणाली, "आई, लवकर ये. अगस्त्य उमरेडवरून वर आला."